गल्लीतल्या जुगारावरून शेजाऱ्यांत दोन तट: पोलिसांना कळवायचं की नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी सांगितलेली परिस्थिती अशी. महाराष्ट्रातल्या एका शहराची जुनी वस्ती. गल्लीच्या तोंडाशी एक दुकान बंद पडलंय आणि त्याच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसतो. सुरुवातीला गल्लीतलेच चार-पाच जण होते. आता बाहेरची माणसं येतात, मोटारसायकली आडव्या लागतात, रात्री उशिरापर्यंत आरडाओरडा चालतो. शेजाऱ्यांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, ११२ ला फोन करा आणि विषय संपवा. दुसरा म्हणतो, आपलीच पोरं आहेत, केस लागली तर त्यांचं वाटोळं होईल, आणि ज्याला पकडायला हवं तो कधीच सापडणार नाही. एका काकूंचा मुलगाच त्या डावात बसतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कडाक्याचं भांडण झालं आणि दोन घरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. ताईंचा प्रश्न असा, की यात बरोबर कोण?

मी पोलीस खात्यात आधी बीटवर आणि नंतर ठाण्यात काम केलं. निवृत्तीनंतर वस्त्यांमधल्या अशा भांडणांत मध्यस्थी करते. दोन्ही तटांची माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत, छापा घालायला गेलेल्या गाडीतही मी बसलेली आहे. त्या अनुभवातून सांगते. दोन्ही तट खरं बोलतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलतायत. एक घर ओट्याकडे बघतं तेव्हा त्याला अड्डा चालवणारा दिसतो. दुसऱ्या घराला तिथे बसलेला आपला भाचा दिसतो. म्हणून पोलीस हवेत की नकोत हा वाद घालण्याआधी एकच गोष्ट शोधून काढा: या डावातून खेळणाऱ्यांखेरीज आणखी कोणी पैसे कमावतं का?

ते ओळखणं वाटतं तितकं अवघड नाही. बाल्कनीतून दोन-चार संध्याकाळी नीट पाहिलं तरी कळतं. एखादा माणूस रोज हजर असतो पण स्वतः पत्ते हातात घेत नाही. प्रत्येक डावातून थोडे पैसे बाजूला काढले जातात आणि ते त्याच्याकडे जातात. याला ठिकठिकाणी नाल म्हणतात. हरलेल्याला जागेवरच उसने देणारा कोणी असतो. गल्लीच्या कोपऱ्यावर एखादा पोरगा उगाच उभा असतो आणि पोलिसांची गाडी दिसली की शीळ घालतो. येणारे चेहरे बदलत राहतात, वेळ मात्र ठरलेली. मटका असेल तर पत्ते दिसणारच नाहीत. एक जण टेकून उभा असतो, लोक येऊन आकडा सांगून जातात, पूर्वी चिठ्ठी मिळायची, आता मोबाइलवर नोंद होते. यातलं काही दिसलं तर तिथे कोणीतरी खेळवतंय, तो धंदा आहे. काहीच दिसलं नाही, तेच पाच जण आपापसात शंभर-पन्नास लावून खेळतायत, तर कायद्याने तोही गुन्हाच, पण त्याचा उपाय पोलीस ठाण्याच्या आधी गल्लीतच करता येतो.

मात्र काही प्रसंगांत हा सगळा विचार करत बसायचं नाही, थेट ११२ लावायचा. मारामारी सुरू झाली, हत्यार दिसलं, जाणाऱ्या-येणाऱ्या मुलींना त्रास दिला, कोणी कोणाला पैशासाठी धरून ठेवलं किंवा अठरा वर्षांखालच्या मुलाला यात वापरलं जात असेल तर लगेच. मुलांच्या बाबतीत तर मी कोणाचंच ऐकून घेत नाही. कोपऱ्यावर शीळ घालायला किंवा पैसे पोचवायला एखाद्या मुलाला उभं केलं असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली मुलांकडून बेकायदा कामं करवून घेणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही चालतो. इथे "आपलीच पोरं" म्हणणाऱ्यांनी तर सगळ्यात आधी फोन उचलायला हवा, कारण तेही आपलंच पोर आहे.

आता कायदा. दोन्ही तटांकडे याबद्दल चुकीची माहिती असते आणि त्यातूनच निम्मं भांडण होतं. जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. जुना असला तरी रोज वापरला जातो. त्याच्या कलम १२ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर किंवा लोकांना ये-जा असलेल्या जागी जुगार खेळताना आढळलेल्या माणसाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. कलम १२-अ मटक्याच्या आकड्यांच्या धंद्यासाठी आहे. घर, खोली किंवा बंद जागेत अड्डा चालत असेल तर मात्र कलम ६ प्रमाणे वरच्या अधिकाऱ्याचा खास अधिकार किंवा वॉरंट लागतं. "वॉरंट नसेल तर पोलीस काही करू शकत नाहीत" हे वाक्य बंद खोलीपुरतं बऱ्याच अंशी खरं आहे, उघड्या ओट्यासाठी नाही. उलट बाजूने, नुसते पत्ते कुटत बसणं हा गुन्हा नाही. पैसे किंवा पैशाच्या मोलाचं काही लागलेलं असावं लागतं. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलंय. पण त्याच निकालात असंही सांगितलंय की खेळाच्या आडून जागेचा मालक किंवा क्लब नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी. तीन पत्तीला हा आसरा नाही. म्हणजे आपण जो फरक पाहतोय, खेळणारा कोण आणि खेळवणारा कोण, तो कायद्यालाही माहीत आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११२ नवीन आलंय. टोळी करून बेकायदा सट्टा किंवा जुगार चालवणं त्यात किरकोळ संघटित गुन्हा ठरतं आणि शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त सात वर्षं. (फोनचा ११२ आणि हे कलम ११२ यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण लोक गोंधळतात म्हणून सांगितलं.) हे कलम ओट्यावर बसलेल्या कॉलेजच्या मुलासाठी नाही, त्याच्यामागे जी साखळी असते तिच्यासाठी आहे. तक्रारीत तुम्ही काय लिहिता यावर पोलिसांचं लक्ष यांपैकी कोणाकडे जाईल हे बरंच अवलंबून असतं.

छापा पडल्यावर काय होतं हे "पोलीस नकोत" म्हणणाऱ्यांनीही आणि "पोलीस बोलवा" म्हणणाऱ्यांनीही माहीत करून घ्यायला हवं. गाडी येते, जे पळू शकतात ते पळतात. खेळवणारा बहुतेक वेळा आधीच निसटलेला असतो, कारण कोपऱ्यावरचा पोरगा त्याच्यासाठीच उभा असतो. हाती लागतात ते डावात गुंतलेले. पंचांसमोर पंचनामा होतो, पत्ते, रोख रक्कम, कधी मोबाइल आणि गाड्याही मुद्देमाल म्हणून जप्त होतात. गुन्हा जामीनपात्र असल्याने सहसा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सुटका होते. पुढे कोर्टाची तारीख पडते. आणि इथे असं काही घडतं ज्याबद्दल गल्लीत कोणीच बोलत नाही. तारखांना कंटाळून, वकिलाचा खर्च नको म्हणून, "साहेब, कबूल आहे" म्हणून मुलं दंड भरून मोकळी होतात. त्यांना वाटतं प्रकरण मिटलं. प्रत्यक्षात ती दोषसिद्धी असते. पुढे सरकारी नोकरीचा चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो, त्यात हा प्रश्न असतोच. मग बरेच जण तिथे लपवतात आणि लपवणं मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला: खरी माहिती दिली असेल आणि गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणाऱ्याने तारतम्याने विचार करायला जागा आहे, पण खोटी माहिती देणाऱ्याची बाजू लंगडी होते.

म्हणून ज्या घरातला मुलगा पकडला गेलाय त्यांना मी एकच सांगते, पहिल्या तारखेला घाईने कबुली देऊ नका. आधी वकिलाशी बोला. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली पहिल्याच गुन्ह्यात समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं का, आणि तसं झालं तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टळते का, हे त्यांना स्पष्ट विचारा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा.

हे सगळं माहीत असल्यामुळेच "आपली पोरं आहेत, जपून" म्हणणाऱ्या आजोबांना मी भित्रे किंवा जुगाऱ्यांचे पाठीराखे मानत नाही. त्यांनी ठाण्याची पायरी चढून आलेली पोरं पाहिलेली असतात. पण त्यांना एक उलट प्रश्न विचारते. आजोबा, ओट्यावर बाहेरची माणसं यायला लागल्यापासून तुमच्या शब्दाला तिथे किंमत राहिली आहे का? ज्या दिवशी गल्लीतल्या थोरल्या माणसाने "उठा रे" म्हटल्यावर कोणी उठत नाही, त्या दिवशी तो गल्लीचा खेळ राहिलेला नसतो. मग पोरांना वाचवायचं म्हणजे त्यांना खेळवणाऱ्यापासून सोडवायचं, आणि ते नुसतं गप्प बसून होत नाही.

दुसऱ्या तटाचीही बाजू तितक्याच आस्थेने ऐकली पाहिजे. कामावरून रात्री परतणाऱ्या बाईला त्या ओट्यासमोरून जायचं असतं. कोणी हात लावत नाही, कोणी काही बोललं असंही सिद्ध करता येत नाही, पण पाच-सात जणांच्या नजरा आणि खालच्या आवाजातलं हसणं तिला रोज झेलावं लागतं. तिने वळसा घालून मागच्या बोळातून यायला सुरुवात केलेली असते आणि घरातही सांगितलेलं नसतं. अशा बाया ठाण्यात माझ्याजवळ येऊन बसायच्या, तक्रार लिहायची म्हटलं की उठून जायच्या. तुमच्या ग्रुपवर सगळ्यात कडक भाषा जो वापरतोय त्याच्या घरात बहुधा अशीच कोणीतरी आहे. त्याच्यावर "तुला काय त्रास आहे, चार पोरं बसली तर" असं ओरडण्याआधी हे विचारून बघा.

आणि त्या काकू. त्यांना दोन्ही तट टाळतायत, एक तट लाजेने, दुसरा रागाने. खरं तर सगळ्यात आधी त्यांच्याकडे जायला हवं, तेही बाईने एकटीने जावं, दुपारी, मुलगा घरी नसताना. पोलिसांचा विषयच काढायचा नाही. त्यांना बऱ्याचदा माहीत असतं की पगार कुठे चाललाय, दागिना कधी गहाण पडला. माहीत नसतं ते हे, की जुगारातलं देणं कोर्टात वसूल करता येत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल आहे. दाराशी येऊन "तुमच्या पोराकडे इतके निघतात" म्हणणाऱ्याला देण्याचं कायद्याने त्यांच्यावर काहीही बंधन नाही. तो माणूस व्याजाने पैसे फिरवत असेल आणि त्याच्याकडे परवाना नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली तोच गुन्हेगार आहे, आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करता येते. ही वाट मला फार महत्त्वाची वाटते. जुगाराचा गुन्हा दाखल झाला की मुलगा आरोपी होतो. बेकायदा सावकारीची तक्रार केली की मुलगा पीडित असतो आणि अडकतो तो खेळवणारा. सून घरात असेल आणि तिचं स्त्रीधन डावात गेलं असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ म्हणून तिला दाद मागता येते, हेही तिच्या कानावर घाला. तिने लगेच काही करावं असं नाही, पण आपल्या हातात काही आहे हे माहीत असलेली बाई वेगळ्या आवाजात बोलते.

जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात नोंदलेला आहे. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, घरच्यांनाही. मुलगा स्वतः फोन करणार नाही, तेव्हा आईने करावा.

आता मधली पायरी, जी बहुतेक वस्त्या गाळूनच टाकतात. ओट्याचा मालक. दुकान बंद असलं तरी ते कोणाचं तरी आहे. १८८७ च्या कायद्याचं कलम ४ फक्त अड्डा चालवणाऱ्याला धरत नाही, आपली जागा त्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकालाही धरतं. हे त्या मालकाला बहुधा माहीत नसतं. दोन वयस्क माणसांनी जाऊन शांतपणे सांगितलं की भाऊ, तुमच्या जागेवर रोज हे चालतं, उद्या काही झालं तर पहिलं नाव तुमचं येईल, तर तो जाळी लावतो, ओट्यावर कुंड्या ठेवतो, दिवा बसवतो किंवा दुकान कोणाला तरी भाड्याने देऊन टाकतो. एकही माणूस पकडला न जाता ओटा मोकळा झालेला मी पाहिलाय. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज द्या. या अर्जावर सही करायला दोन्ही तटांतलं कोणीही नाही म्हणत नाही, आणि एकत्र सही केलेला एक कागद पुढच्या बोलण्याला फार उपयोगी पडतो.

खेळणाऱ्यांशी बोलायचं तर डाव चालू असताना कधीही जाऊ नका. हरत असलेल्या माणसाला चारचौघांत टोकलं की तो तुमच्या अंगावर येतो आणि मग जुगार राहतो बाजूला, शिवीगाळीची एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवायची वेळ येते. सकाळी गाठा, एकेकाला गाठा, त्याच्या घरच्या थोरल्याला सोबत घ्या. "तुम्ही जुगारी" असं म्हणू नका. बाहेरच्यांना आणणं बंद करा आणि ओटा सोडा, एवढ्या दोनच गोष्टी मागा, आणि अमुक दिवसापर्यंत झालं नाही तर आम्हाला ठाण्यात जावं लागेल हे तोंडावर सांगा. ज्याला आधी सांगितलेलं असतं त्याच्या मनात नंतर पाठीत वार केल्याचा सल राहत नाही. पण हे सांगायला जायचं ते गल्लीतल्या खेळणाऱ्यांकडे. खेळवणाऱ्याला असा इशारा देऊ नका. तो जागा बदलेल, तुमची नावं लक्षात ठेवेल आणि महिन्याभरात परत येईल.

सणाची सबब हमखास पुढे येते. दिवाळीत पत्ते खेळतातच, गणपतीत मंडपात रात्रभर जागायचं तर काहीतरी हवंच. पैसे लावून खेळायला सणासुदीची वेगळी सूट या कायद्यात नाही. तरी दहा दिवसांचा मंडप आणि बारा महिन्यांचा ओटा यांना एकच मोजपट्टी लावावी असं मला वाटत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगितलं की पुढच्या वर्षीची परवानगी अडचणीत येईल, की ते स्वतःच पैशाचा डाव बंद करतात.

एवढं करूनही ओटा हलला नाही, किंवा सुरुवातीलाच दिसलं की मागे धंदा करणारा आहे, तर तक्रार करा. इथे माझं मत ठाम आहे, आणि ते दोन्ही तटांना थोडं खटकेल. तक्रार करायची की नाही यावर गल्लीत मतदान घेऊ नका. तक्रार करणं हा प्रत्येकाचा स्वतःचा हक्क आहे. बहुमताने कोणाला तो नाकारता येत नाही आणि बहुमत आहे म्हणून नको म्हणणाऱ्याची सही घेता येत नाही. "सर्व रहिवासी" असं लिहून चार जणांनी अर्ज दिला की उरलेले दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन आमचा संबंध नाही असं लिहून देतात आणि अर्जाची हवा जाते. जितके तयार आहेत तितक्यांनीच द्या. दोन नावं असली तरी चालतात.

अर्जात काय लिहावं? जागा, वार, वेळ, साधारण किती माणसं, पैसे उघड दिसतात का, नाल कोण काढतो, उसने कोण देतं, टेहळणीला कोण कुठे उभं असतं, मुलं आहेत का, रस्ता अडतो का. जे डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. शेजारच्या पोरांच्या नावांची यादी देण्याची गरज नाही, ती पोलीस काढतात. खेळवणाऱ्याचं वर्णन आणि त्याची येण्याची वेळ हे कामाचं असतं. जाणूनबुजून खोटी माहिती देणं न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, म्हणून जुन्या पार्किंगच्या भांडणाचा सूड या कागदावर उगवू नका. ठाण्यातला अनुभवी माणूस असा अर्ज पहिल्या दोन ओळींत ओळखतो. अर्ज वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेली प्रत पुढे कुठेच चालत नाही.

११२ ला फोन केला तर तुमचा क्रमांक तिथे दिसतो आणि निघालेल्या गाडीवरचे कर्मचारी तुम्हाला परत फोन करू शकतात. चांगल्या हेतूने का होईना, ते "तक्रारदार कुठे राहतात" असं गल्लीत विचारतात आणि सगळं फुटतं. फोनवरच स्पष्ट सांगा: माझ्या दाराशी येऊ नका, नाव घेऊ नका, थेट जागेवर जा. अर्ज देताना हेही सांगा की पंच म्हणून आमच्या गल्लीतला माणूस घेऊ नका. व्हिडिओ काढला असेल तर तो तपास अधिकाऱ्याला द्या, ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ अर्ध्या तासात ओट्यावर पोचतो, आणि तो कुठल्या मजल्यावरून काढलाय हे चित्रावरूनच समजतं.

ठाण्याने दखल घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे वरच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षकांकडे लेखी जाता येतं, आणि तिथेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. हप्ता चालू आहे असा ठोस आधार असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. "सगळे मिळालेले आहेत" हे वाक्य मी फार ऐकलंय. कधी ते खरं असतं. पण शिक्का घेतलेला अर्ज वर गेला की खालच्याला उत्तर द्यावं लागतं, हे मी खात्याच्या आतून सांगते.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. छापा पडून गेल्यावरचा आठवडा. त्या आठवड्यात गल्ली "कोणी सांगितलं" हे शोधत असते आणि ज्याने सांगितलं तो क्वचितच सापडतो. सापडते ती एकटी राहणारी बाई. सापडतं नव्याने आलेलं भाडेकरू कुटुंब, वेगळ्या जातीचं किंवा धर्माचं घर, किंवा ज्याचा मेहुणा पोलिसात आहे तो. त्यांच्या दारासमोर कचरा पडतो, पाण्याच्या वेळेला त्यांचा हंडा मागे ढकलला जातो, मुलांना खेळायला घेत नाहीत. ज्यांनी काहीच केलेलं नसतं त्यांना घर सोडून जाताना मी पाहिलंय. जुगार चालू असताना गल्लीचं जेवढं नुकसान झालं नव्हतं तेवढं त्या आठवड्यात होतं.

यावर एक उपाय मला काम करताना दिसलाय. अर्ज देण्याआधीच गल्लीतल्या दोन-तीन मुरलेल्या माणसांनी, ज्यांना कोणी बोट लावू शकत नाही अशांनी, ठरवायचं की विचारणा झाली तर "आम्ही सांगितलं" असं उघड म्हणायचं. त्यांनी स्वतः खरोखर सही केलेली असावी. आणि जे पोलिसांच्या विरोधात होते त्यांच्याकडून एवढाच शब्द घ्यायचा की कोणी तक्रार केली हे तुम्ही शोधणार नाही आणि शोधणाऱ्याला साथ देणार नाही. तक्रारीला संमती मागू नका, हा शब्द मागा. संमती मिळणार नाही, शब्द बहुतेक वेळा मिळतो. धमकी आली तर मात्र ती लगेच स्वतंत्रपणे नोंदवा, जुन्या अर्जाचा आवक क्रमांक त्यात लिहून. तक्रारदाराला धमकावणं हा जुगारापेक्षा जड गुन्हा आहे आणि पोलीसही तो तसाच घेतात.

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून, बाहेरची माणसं, ठरलेली वेळ, अडलेला रस्ता, मला तिथे कोणीतरी खेळवतंय असंच वाटतं. पण नाल काढताना किंवा उसने देताना कोणाला पाहिलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते या आठवड्यात पाहा. ग्रुपवरचा विषय आजच थांबवा, कोणाची बाजू न घेता, "यावर समोरासमोर बोलू" एवढंच लिहून. काकूंकडे उद्या दुपारी जा. दुकानाच्या मालकाकडे त्या आजोबांनाच पाठवा, पोलीस नकोत म्हणणाऱ्या आजोबांना. त्यांचं म्हणणं खरं करून दाखवायची संधी त्यांना त्यातच आहे. मालकाने पंधरा दिवसांत ओटा बंद केला नाही, तर ठाण्यात अर्ज द्या; त्याचीही दखल घेतली गेली नाही, तर शिक्क्याची प्रत घेऊन या, पुढचा अर्ज कोणाच्या नावे लिहायचा ते मी सांगेन.